मोनो फक्त चुंबनाने होतो?

‘मोनोचा ताप फक्त चुंबनाने होतो,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी जळगाव-धुळ्याकडे आजारी कॉलेजकुमारीकडे संशयाने पाहिलं जातं, हे फार वाईट.

मोनो म्हणजे मोनोन्यूक्लिओसिस; हा ताप एप्स्टाइन-बार विषाणूचा. तो लाळेतून पसरतो. भरीत पार्टीत एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलं तरी लागण होऊ शकते. लक्षणं दिसायला ४ ते ६ आठवडे जातात, त्यामुळे ‘कुणाकडून आला’ हे सांगणं बहुधा अशक्यच. आपल्याकडे बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच नकळत गाठतो. खात्री हवी तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या अँटिबॉडी तपासून घ्या.

खरी काळजी प्लीहेची, म्हणजे पोटात डावीकडे बरगडीखाली असलेल्या अवयवाची (स्प्लीन). ती सुजते, क्वचित फुटतेही. ताप उतरला तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत कुस्ती-कबड्डी नको. पोटात डावीकडे, बरगडीखाली अचानक जोराची कळ आली तर तडक दवाखाना गाठा.