घर सोडून गेलेला रॉय नेअरी: ‘क्लोज एन्काउंटर्स’वरच्या मतमतांतरांची पार्श्वभूमी

स्टीव्हन स्पीलबर्गच्या, परग्रहवासीयांच्या भेटीवरच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटाबद्दलचं मत पहिल्यांदा गाजलं, तेव्हा चित्रपट अजून प्रदर्शितही झाला नव्हता. ऑक्टोबर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात त्याचे चाचणी खेळ झाले. ‘न्यूयॉर्क’ नियतकालिकाचा एक पत्रकार निमंत्रण नसताना आत शिरला आणि चित्रपट सपशेल पडणार, असं त्यानं लिहून टाकलं. चित्रपटाची निर्माती कंपनी कोलंबिया पिक्चर्स हिचा शेअर घसरला. कंपनीची आर्थिक स्थिती आधीच नाजूक होती आणि सुमारे दोन कोटी डॉलर या एका चित्रपटात अडकले होते. मग ‘टाइम’ साप्ताहिकात तितकीच ठाम स्तुती छापून आली आणि पारडं फिरलं. नोव्हेंबरच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या झिगफेल्ड थिएटरात पहिला खेळ लागला, तोवर दोन परस्परविरोधी निकाल बाजारात आलेले होते.

डॅलसच्या प्रेक्षकांनी चित्रपटाचा शेवटही थोडा बदलला. अखेरच्या श्रेयनामावलीवर स्पीलबर्गला डिस्नेच्या ‘पिनोकियो’मधलं ‘व्हेन यू विश अपॉन अ स्टार’ हे गाणं हवं होतं. गाण्यासह आणि गाण्याविना अशा दोन्ही प्रती दाखवून पाहिल्या गेल्या. समोर जे घडलं ते खरं मानून बसलेल्या लोकांना शेवटी परीकथेतलं गाणं ऐकू आलं की सगळं स्वप्नच होतं की काय असं वाटू लागे. गाणं काढलं गेलं.

आज मात्र चित्रपट संपल्यावर वाद होतो तो रॉय नेअरीवरून. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचा हा वीज कंपनीतला लाइनमन. एका रात्री परग्रहवासीयांचं यान दिसल्यावर त्याच्या डोक्यात एका डोंगराचं चित्र घर करून बसतं, आणि शेवटी बायको आणि तीन मुलं मागे टाकून तो त्या परग्रहवासीयांच्या यानात चढून निघून जातो. हे योग्य की अयोग्य? १९७७ मध्ये हा प्रश्न इतक्या मोठ्यानं कुणी विचारत नव्हतं. तेव्हाचे प्रेक्षक दुसरंच काही मनात घेऊन आले होते.

जून १९४७ मध्ये केनेथ आर्नल्ड या वैमानिकानं वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरांवर नऊ चमकत्या वस्तू वेगानं जाताना पाहिल्याचं सांगितलं आणि ‘उडत्या तबकड्या’ वर्तमानपत्रांत शिरल्या. अमेरिकी हवाई दलानं अशा बातम्यांची चौकशी सुरू केली. ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ नावानं ओळखली जाणारी ही चौकशी १९६९ अखेर बंद झाली, तेव्हा नोंदी १२,६१८ होत्या आणि त्यांतल्या ७०१ चा उलगडा झालेला नव्हता. या चौकशीचे शास्त्रीय सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. अॅलन हायनेक. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या अनेकांनी आकाशात दिवे पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा हायनेक यांनी पत्रकार परिषदेत त्यातल्या काही दिव्यांचं कारण दलदलीतला वायू हे असू शकतं असं म्हटलं. लोक भडकले. आपल्याला अडाणी ठरवलं, असं त्यांना वाटलं. अमेरिकी काँग्रेसमधले, म्हणजे तिथल्या संसदेतले, मिशिगनचे तेव्हाचे सदस्य जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. हायनेक स्वतःही यानंतर अधिकाधिक अस्वस्थ होत गेले. सांगणाऱ्याचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यावं, या मताकडे ते वळले आणि १९७२ च्या पुस्तकात त्यांनी अशा अनुभवांची वर्गवारी मांडली. जवळून नुसतं दिसणं हा पहिला प्रकार, मागे काही खूण राहणं हा दुसरा, आणि त्या वस्तूत किंवा तिच्याजवळ कुणी जीव दिसणं हा तिसरा. चित्रपटाचं नाव इथून आलं. हायनेक शेवटच्या प्रसंगात काही क्षण पडद्यावरही दिसतात.

म्हणून या चित्रपटाकडे मी अपमान झालेल्या साक्षीदारांचा चित्रपट म्हणून पाहतो. नेअरीला रात्री रस्त्यावर जे दिसलं ते त्याच्या बायकोला पटत नाही, नोकरी जाते, अधिकारी हसून टाळतात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरण नुकतंच घडून गेलं होतं, आणि सरकार काहीतरी दडवतंय ही कथेची मूळ कल्पनाच होती. लष्कर विषारी वायू गळल्याची खोटी बातमी पसरवून वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवर या सुळक्याभोवतीचा मुलूख रिकामा करतं. हे पाहणाऱ्या अमेरिकी माणसाला पटवून देण्याची वेगळी गरज नव्हती.

पन्नाशीच्या दशकातल्या चित्रपटांत परग्रहावरून येणारा बहुधा शत्रूच असे. १९५१ चा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा ठळक अपवाद, पण त्यातला पाहुणासुद्धा ताकीद द्यायलाच येतो. स्पीलबर्गच्या पाहुण्यांना काहीच नको आहे. ते सूर वाजवतात, उत्तराची वाट पाहतात. कित्येकांना हे भावलं. वृद्ध फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार यांनी, या चित्रपटात शास्त्रज्ञाची भूमिका केलेला दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याच्याकडे त्याची तारीफ केली, विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी यांनी तर त्याला सर्वश्रेष्ठ विज्ञानपट म्हटलं. उलट बाजूची तक्रारही तेव्हापासूनची आहे: खलनायक नाही, मधला भाग रेंगाळतो, आणि हे पाहुणे इतके सालस असतील तर लहानग्या बॅरीला त्याच्या आईच्या, जिलियनच्या, हातून ओढून का नेतात? या शेवटच्या प्रश्नाला चित्रपटाकडे उत्तर नाही, आणि ती उणीव मला खरीच वाटते. त्याच वर्षी मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला होता, त्यामुळे तुलना अटळ होती. ऑस्करमध्ये ‘क्लोज एन्काउंटर्स’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनसुद्धा मिळालं नाही. दिग्दर्शनाचं मिळालं, छायाचित्रणाचं पारितोषिक व्हिल्मोस झिगमंड यांनी जिंकलं, आणि संगीताचं जॉन विल्यम्स यांना मिळालं ते ‘स्टार वॉर्स’साठी.

आता आपल्याकडे. चित्रपटात ‘धर्मशाला, उत्तर भारत’ अशी पाटी पडते आणि डोंगरउतारावर बसलेला मोठा जमाव एकसुरात पाच स्वर गाताना दिसतो. ते चित्रीकरण फेब्रुवारी १९७७ मध्ये मुंबई-पुणे रस्त्यावरच्या खालापूरजवळ, हाळ या गावी झालं. जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. या भागाचं छायाचित्रण डग्लस स्लोकोम यांनी केलं. त्रुफोचा शास्त्रज्ञ ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन येतो, हे सूर आले कुठून असं विचारतो, आणि सगळा जमाव एका झटक्यात बोटं आकाशाकडे उंचावतो. संपूर्ण चित्रपटात इतका जोरकस क्षण क्वचितच आहे.

भारतीय प्रेक्षक या प्रसंगावर दोन आक्षेप घेतात. एक साधा आहे: रायगडातल्या टेकड्या हिमालयाच्या पायथ्याशी कशा? दुसरा जास्त गंभीर आहे: विदेशी चित्रपटात भारत म्हटला की भक्तांची गर्दीच का दाखवायची? वैज्ञानिक फ्रेंच, तंत्रज्ञ अमेरिकी आणि आपण फक्त गाणारे. हा आक्षेप खोटा नाही. पण प्रसंग कथेत कुठे बसतो तेही पाहायला हवं. अमेरिकेत ज्यानं ज्यानं काही पाहिलं तो एकटा पडतो, वेडा ठरतो, किंवा त्याला गप्प केलं जातं. हवाई वाहतुकीच्या नियंत्रण कक्षातला प्रसंग आठवा. आकाशात दिसलेल्या वस्तूची नोंद करायची का, असं विचारल्यावर वैमानिकही नको म्हणतात. हाळच्या माळावर मात्र कुणी काही लपवत नाही. जे ऐकलं ते सगळे मिळून उघड्यावर गातात आणि विचारलं की लगेच सांगतात. पुढची सगळी कथा या सांगण्यावर उभी आहे. हे पाच स्वर ध्वनिमुद्रित होतात, त्यांना हातांच्या खुणा जोडल्या जातात, ते अंतराळात पाठवले जातात, आणि उत्तरादाखल आलेल्या आकड्यांतून डेव्हिल्स टॉवरचे अक्षांश-रेखांश निघतात. साक्षीदारावर विश्वास ठेवणारा समाज या चित्रपटात एकच आहे, आणि त्याचं चित्रीकरण खालापूरकडच्या भूमीवर झालं. आपल्याकडे या चित्रपटावर बोलताना हे क्वचितच ऐकू येतं, याची मला खंत वाटते.

भारतातून आणखी एक गोष्ट गेली. इथल्या मुक्कामात स्पीलबर्गला रात्री हजारो दिव्यांनी उजळलेला तेलशुद्धीकरण कारखाना दिसला. त्यातल्या नळ्या, मनोरे आणि दिवे यांवरून शेवटच्या महाकाय यानाचं रूप सुचलं. ग्रेग जीन यांनी बनवलेली त्याची प्रतिकृती आज व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

सत्यजित राय यांचा विषयही इथे निघतोच. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं, या कल्पनेवर त्यांनी ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली होती आणि १९६७ च्या सुमारास ती याच कोलंबिया कंपनीकडे होती. चित्रपट झाला नाही. पुढे राय यांनी आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरल्याचं बोलून दाखवलं, पण त्यांचा रोख स्पीलबर्गच्याच १९८२ च्या ‘ई.टी.’ या चित्रपटाकडे होता आणि स्पीलबर्गनं ते नाकारलं. दोन वाद एकत्र करू नयेत. स्पीलबर्गच्या डोक्यात हा विषय तर शाळेपासूनच होता. १९६४ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यानं ‘फायरलाइट’ हा आकाशातल्या गूढ दिव्यांवरचा लांबलचक हौशी चित्रपट करून फिनिक्समध्ये दाखवला होता.

प्रेक्षकांच्या मतांत आणखी गुंता होतो तो प्रतींमुळे. १९७७ मध्ये कोलंबियाला पैशांची घाई होती, स्पीलबर्गला आणखी काही महिने हवे होते. चित्रपट चालल्यावर त्यानं पुन्हा काम करायची परवानगी मागितली. कंपनीनं ती दिली, पण अट घातली: जाहिरातीला काहीतरी नवं हवं, तेव्हा यानाच्या आत काय आहे ते दाखवा. १९८० ची ‘स्पेशल एडिशन’ अशी तयार झाली. गोबी वाळवंटात सापडलेलं ‘कोटोपॅक्सी’ हे जहाज हा तिच्यातला सुंदर भर घालणारा प्रसंग. (हे जहाज खरोखर १९२५ मध्ये बेपत्ता झालं होतं. फ्लोरिडाजवळच्या समुद्रतळावरचे अवशेष त्याचेच असल्याची ओळख २०२० मध्ये पटली.) यानाचा अंतर्भाग मात्र बहुतेकांना निराश करून गेला. इतका वेळ ज्याची कल्पना करत होतो ती जागा म्हणजे दिव्यांचा एक मोठा घुमट निघाला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांना ही प्रत मूळ चित्रपटापेक्षा सरस वाटली, हेही नोंदवायला हवं. स्पीलबर्गनं स्वतः नंतर तो भाग दाखवायलाच नको होता असं म्हटलं आणि १९९८ च्या तिसऱ्या प्रतीतून तो काढला. त्यामुळे दोन प्रेक्षक भांडत असतील तर त्यांनी पाहिलेला चित्रपट एकच आहे ना, हे आधी विचारावं लागतं.

नेअरीबद्दलचं मत या प्रतींशी बांधलेलं आहे. मूळ चित्रपटात तो सकाळी वेडापिसा होऊन अंगणातली झुडपं उपटतो, शेजारणीचं कुंपण ओढून आणतो, खिडकीतून घरात माती फेकतो आणि मनात सतत दिसणारा तो डोंगर दिवाणखान्यात उभा करतो. बायको मुलांना गाडीत घालून निघून जाते. १९८० मध्ये स्पीलबर्गनं हा प्रसंग कापला आणि त्याऐवजी कपड्यांसकट शॉवरखाली बसलेला, मोडून पडलेला नेअरी दाखवला. १९९८ मध्ये दोन्ही ठेवले.

चित्रपट केला तेव्हा स्पीलबर्ग तिशीचा, मूलबाळ नसलेला तरुण होता. त्याला पहिलं मूल झालं १९८५ मध्ये. पुढे त्यानं उघडपणे सांगितलं की आज हा चित्रपट करायला घेतला तर घर सोडून यानात जाणारा बाप मी लिहिणार नाही. २००५ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’मध्ये त्याचा नायक मुलांना वाचवण्यासाठी जिवाचं रान करतो, ते या पार्श्वभूमीवर पाहावं. प्रेक्षकांचंही तेच झालं. लहानपणी नेअरीच्या जागी स्वतःला पाहणारे पुढे आईबाप झाले आणि त्यांची नजर टेरी गारनं उभ्या केलेल्या रॉनीकडे, नेअरीच्या बायकोकडे, वळली. तेव्हा तिला किरकिरी म्हणणारे आज तिचं काय चुकलं, असं विचारतात. हे बदललेलं मत मला न्याय्य वाटतं. घरखर्चाची काळजी करणारी, नवऱ्याला काय होतंय हे न समजल्यानं घाबरलेली ती बाई आहे, आणि पटकथेनं तिला फार कमी जागा दिली आहे.

तरीही चित्रपट याबाबत अगदीच आंधळा नाही. शेवटी नेअरीच्या शेजारी जिलियन उभी आहे. तिलाही तोच डोंगर दिसत होता, तीही सगळी बंधनं तोडून तिथवर पोचली आहे. पण तिचा बॅरी तिला परत मिळतो आणि ती पृथ्वीवरच थांबते. दोन माणसांना सारखीच ओढ लागली आणि त्यांचे निर्णय वेगळे झाले. दिग्दर्शकानं यावर टिप्पणी केलेली नाही, फक्त दोघांना एका चौकटीत ठेवलं आहे.

१९९९ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत मुलाखतकार जेम्स लिप्टन यांनी स्पीलबर्गला एक गोष्ट दाखवून दिली. तुमचे वडील संगणक अभियंता, आई संगीतकार, आणि तुमच्या चित्रपटात यान उतरल्यावर माणसं त्याच्याशी संगणकावर संगीत वाजवून बोलतात. हे मी ठरवून केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं उत्तर स्पीलबर्गनं दिलं. चित्रपट पूर्ण होऊन बावीस वर्षं झाली होती. २०२२ च्या ‘द फेबलमन्स’मध्ये त्यानं आईवडिलांच्या विभक्त होण्याची गोष्ट सांगितली, आणि त्यात घराबाहेरची ओढ लागलेली व्यक्ती आई आहे. त्यानंतर नेअरीकडे पाहताना केवळ पळून जाणारा बाप दिसत नाही. स्वतःच्या वेडापुढे हतबल झालेली, मुलांना समजावू न शकणारी आईही त्याच्यात दिसू लागते.

नव्यानं पाहणाऱ्यांनी १९९८ ची प्रत शोधावी. खिडकीतून माती फेकणं आणि शॉवरखालचं भांडण दोन्ही तिच्यात आहेत, आणि नेअरीबद्दल मत बनवायला दोन्ही पाहावे लागतात.