हार्ड डिस्क ते एसएसडी : वेगातील फरकाची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यांची कार्यालये असोत वा बाजार समितीतील कांद्याच्या अडत्यांच्या पेढ्या, दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक तिथे अजूनही हिशेबाचे काम करतात. सकाळी बटण दाबले की कॅबिनेटमधून कर्र-कर्र आवाज येत राहतो आणि टॅली उघडेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळते. प्रोसेसर जुना झाला, असा सर्वसाधारण समज असतो. पण खरा वेळ बहुतेकदा हार्ड डिस्क, म्हणजे फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणारा भाग, खाते, आणि त्याचे कारण तिच्या घडणीतच आहे.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅक यंत्रासोबत झाला. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर जेमतेम ५० लाख अक्षरे मावत आणि हवी ती नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. २००७ साली एक टेराबाइटची डिस्क बाजारात आली, म्हणजे क्षमता दोन लाख पटींहून अधिक वाढली. नोंद गाठण्याचा वेळ मात्र पन्नासेक पटींनीच घटला. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. त्यात हेड सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले, की प्रत्येक विखुरलेल्या वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरची साडेतीन कोटींहून अधिक आवर्तने (कामाचे ठोके) होतात, आणि त्यांतली बरीचशी नुसती वाट पाहण्यात वाया जातात.

या कोंडीवरचा उपाय जपानमधून आला. तोशिबाचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरीची कल्पना मांडली आणि १९८७ साली तिचा नँड हा प्रकार जगापुढे आला. यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म कोषांत अडकून राहते. फिरणारे, सरकणारे काहीच नसल्याने ती दहा ते शंभर मायक्रोसेकंदांत वाचता येते (मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा हजारावा भाग). १९९१ साली सनडिस्कने, म्हणजे पुढच्या सँडिस्कने, २० मेगाबाइटची एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह), म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी फ्लॅश मेमरीची ड्राइव्ह, बनवली. किंमत सुमारे एक हजार डॉलर असल्याने ती सामान्यांच्या आवाक्याबाहेरच होती. २००८ मध्ये इंटेलच्या एक्स२५-एम या एसएसडीने हे चित्र बदलायला सुरुवात केली.

खोक्यावर छापलेले आकडे सलग वाचनाचे असतात : हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे मेगाबाइट, साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी) सुमारे ५५०, तर २०११ साली आलेल्या एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणी-पद्धतीच्या एसएसडी ड्राइव्ह साडेतीन हजार ते सात हजार आणि त्याहूनही पुढे. हे आकडे खरे असले तरी पेढीवरच्या कामासाठी दिशाभूल करणारे आहेत. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात आणि तिथे हार्ड डिस्क सेकंदाला शंभरएक वाचनांवर अडते, तर साधी साटा एसएसडीसुद्धा हजारोंनी वाचने करते. म्हणून जुन्या संगणकाला साटा एसएसडी लावणे हाच सर्वांत लाभाचा खर्च ठरतो. त्यापुढची एनव्हीएमईची झेप हिशेबाच्या कामात फारशी जाणवत नाही. सीसीटीव्हीच्या सलग चित्रणासाठी मात्र हार्ड डिस्कच परवडते.

आणखी एक बाब सोलापूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. कोषांतला विद्युतभार उष्णतेने लवकर झिरपतो. त्यामुळे जुन्या वर्षांचे हिशेब एसएसडीत भरून, ती विजेविना कपाटात टाकून इथले कडक उन्हाळे काढणे धोक्याचे आहे. त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवावीच.