वंशावळीत आहेत, पण डीएनएमध्ये नाहीत

वंशावळ शोधायचा नाद एकदा लागला की सुटत नाही. जुने कागद, फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, आणि हल्ली त्यात डीएनए टेस्टची भर पडलीय, नळीत लाळ भरून पाठवली की काही आठवड्यांनी दूरच्या नातेवाइकांची यादीच हातात येते. माझ्या यादीत एक लांबचा चुलतभाऊ निघाला, आमचे खापरपणजोबा एकच. पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या यादीत तो नव्हताच! आईवडील तेच, मग असं कसं?

तर आईकडे प्रत्येक क्रोमोसोमच्या (पेशीतल्या डीएनएच्या लांब धाग्याच्या) दोन प्रती असतात, एक तिच्या आईकडची, एक वडिलांकडची. बीजांड तयार होताना त्या दोघींमध्ये अदलाबदल होते आणि त्यातली एकच मिसळलेली प्रत पुढे जाते, म्हणजे निम्मा डीएनए तिथेच गळतो, आणि कुठला निम्मा ते प्रत्येक मुलाच्या वेळी वेगळं. वडिलांकडूनही तसंच. आता खरी मजेची गोष्ट म्हणजे ही अदलाबदल पीठ मळल्यासारखी एकजीव होत नाही, एका क्रोमोसोमवर जेमतेम एक-दोन ठिकाणी काप पडतात, त्यामुळे डीएनए मोठमोठ्या तुकड्यांत उतरतो. पूर्वज दर पिढीला दुप्पट होतात पण तुकडे तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. १० पिढ्या मागे गेलात तर पूर्वज १०२४ आणि तुकडे साधारण ६४०, म्हणजे निम्म्याच्या आसपास पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्यात नाही. ते तुमचेच, त्यांच्याशिवाय तुम्ही जन्मालाच आला नसता, तरीही. आमच्यासारख्या खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांतसुद्धा दहातली साधारण एक जोडी टेस्टमध्ये जुळतच नाही. म्हणून मॅच आली नाही म्हणून नातं खोडू नका.

याला अपवाद दोन. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या छोट्या भागांचा) डीएनए फक्त आईकडून येतो आणि पुरुषांमध्येच असणारा वाय क्रोमोसोम बापाकडून मुलग्याकडे, दोन्ही जवळपास जसेच्या तसे. २०१२ मध्ये इंग्लंडात लेस्टरच्या एका कार पार्कखाली सांगाडा सापडला, तो १४८५ मध्ये लढाईत मेलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा, हे त्याच्या बहिणीच्या मुलीकडच्या वंशजांच्या मायटोकॉन्ड्रियावरून जुळलं. वाय मात्र त्याच्या घराण्यातल्या, बापाकडून मुलग्याकडे अशा ओळीने आलेल्या पुरुषांशी जुळला नाही, म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप वेगळा होता. असं कोणाच्याही घरात निघू शकतं, त्यामुळे टेस्टच्या आधी घरच्यांशी नीट बोलून घ्या, ते मला खूप महत्त्वाचं वाटतं.

आणि टेस्ट करायचीच असेल तर स्वतःच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा, त्यांच्याकडे जे तुकडे आहेत त्यातले साधारण निम्मे त्यांच्या एकेका मुलात आलेलेच नसतात. आम्ही आत्याची केली तेव्हा अशी दोन नावं निघाली जी ना माझ्याकडे होती ना बहिणीकडे, आणि त्यातल्या एकाच्या घरी खापरपणजीचं लग्नाआधीचं नाव लिहिलेला कागद होता.