नुसतं घोरणं की स्लीप अ‍ॅप्निया? श्वासाचे थांबे मोजा

मोठ्याने घोरणाऱ्यालाच आजार असतो असं नाही. बंद दाराबाहेर आवाज जाईल इतकं घोरून सकाळी टवटवीत उठणारे लोक आहेत, आणि बेताच्या आवाजात घोरणाऱ्या एखाद्याचा श्वास रात्रीत शेकडो वेळा अडकत असतो. पहिलं नुसतं घोरणं, दुसरा स्लीप अ‍ॅप्निया.

दोन्हींची सुरुवात एकाच जागी होते. झोपेत टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचं मूळ सैल पडतं, घशातली वाट अरुंद होते. नुसत्या घोरण्यात हवा फडफडत का होईना, आत जाते. अ‍ॅप्नियात वाटच मिटते. छाती-पोटाची खटपट चालू राहते, पण हवा शिरत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि माणूस घुसमटल्यासारखा आवाज करून श्वास ओढतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही, म्हणून "मला मस्त झोप लागते" या त्याच्या म्हणण्याला फारशी किंमत देऊ नये.

घरी तपासायचं तर पहाटे चार-साडेचारला मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते, स्नायू तेव्हा सर्वांत सैल असतात, त्यामुळे त्रास पहाटे वाढतो. फ्रेममध्ये चेहऱ्याबरोबर पोटही दिसू द्या. घोरणं एकदम तुटतं का, आवाज बंद असताना पोट हलतंय का, आणि पुढचा श्वास यायला किती सेकंद लागतात, हे बघायचं. श्वासाचा १० सेकंद किंवा त्याहून लांब थांबा वारंवार दिसला, तर तो व्हिडिओ तसाच डॉक्टरांना दाखवा. घोरणं मोजणारी अ‍ॅप्स बहुधा आवाजाचीच पट्टी काढतात. थांबा पकडण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

दिवसाच्या खुणांमध्येही गल्लत होते. पुण्यात दुपारी एक ते चार आडवं होणं हा आजार नव्हे; ती झोप आपण घेतो. अ‍ॅप्नियातली झोप येऊन गाठते: हिंजवडीच्या मीटिंगमध्ये, सिग्नलला गाडी उभी असताना, किंवा एक्सप्रेसवेवर स्टीअरिंग हातात असताना, आणि हे शेवटचं जिवावर बेततं. सोबत सकाळचं डोकं दुखणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी. बायकांमध्ये चित्र थोडं वेगळं असतं. घोरण्यापेक्षा थकवा आणि तुटक झोप पुढे येते, पाळी थांबल्यावर धोका वाढतो, आणि "वयामुळे होतं" म्हणून वर्षं निघून जातात.

नवऱ्याच्या घोरण्याला कंटाळून बायको हॉलमध्ये गादी टाकते, हे घरोघरी आहे. नुसतं घोरणं असेल तर त्यात काही वावगं नाही. दोघांची झोप झाली की सकाळची निम्मी भांडणं होतच नाहीत. अ‍ॅप्निया असेल तर मात्र थांबे पाहणारा एकमेव साक्षीदार खोलीतून गेला. तेव्हा गादी हलवण्याआधी तो व्हिडिओ काढून ठेवा.

कारणं बरीचशी सामाईक आहेत: वजन, उताणं झोपणं, दारू, झोपेच्या गोळ्या, चोंदलेलं नाक. गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि त्याच्या परागांनी नाक बंद होणारे इथे कमी नाहीत. नाक मोकळं केलं, कुशीवर झोपलं, रात्रीचं 'बसणं' झोपेच्या तीन-चार तास आधी संपवलं की नुसतं घोरणं पुष्कळदा आवरतं. अ‍ॅप्निया एवढ्यावर सहसा जात नाही. मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, म्हणजे साधारण १६ नंबरच्या कॉलरपुढे गेला, तर संशय वाढतो. पण हनुवटी मागे असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो.

निकाल देते ती स्लीप स्टडी. नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. ही छोटी तपासणी घरीही होते. श्वास पूर्ण थांबण्याच्या आणि उथळ होण्याच्या वेळा मिळून तासाला किती, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसात ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र. सहा तासांच्या झोपेत १८० वेळा, म्हणजे ३०.

मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियाला पहिला उपाय सीपॅप. मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा धरणारं हे यंत्र १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मांडलं. लोक ते सोडतात बहुधा मास्कपायी. हवा गळली की मास्कचे पट्टे आवळले जातात, त्याची सिलिकॉनची गादी चुरगळते, गळती आणखी वाढते. मास्क आडवं होऊन, मशीन चालू ठेवून बसवा, दोन बोटं आत जातील इतकाच. चेहऱ्यावर क्रीम किंवा तेल असेल तर सिलिकॉन घसरतं. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर तोंडातून हवा जातेय. तोंड झाकणारा मास्क मागा. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात, डिस्टिल्ड पाणीच घाला, कारण बोअर-टँकरच्या जड पाण्याने भांड्यात पांढरा थर बसतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचं तर ह्युमिडिफायर बंद करा, जास्त वीज तोच खातो.

आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी किरकोळ असलं, तरी भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्नियाचं आधी सांगा आणि मशीन सोबत न्या. भुलीनंतरच्या गुंगीत घसा नेहमीपेक्षा जास्त मिटतो.