गोवा वेल्हा आणि वेल्हा गोवा: दोन शहरे, दोन हरवलेले रस्ते

'जुन्या गोव्यातला जुना राजरस्ता' असे कोणी म्हटले की आधी नदी विचारावी. झुआरी की मांडवी? शहर कोणते, काळ कोणता आणि रस्ता कोणता, हे सगळे त्या उत्तरावर ठरते.

गोवा वेल्हा झुआरीकाठी आहे. कदंब राजघराण्याची राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, अकराव्या शतकात इथे आली. तेव्हा हे गोपकपट्टण. वेल्हा गोवा, म्हणजे आपण ज्याला जुने गोवे किंवा ओल्ड गोवा म्हणतो ते, मांडवीकाठी आहे. त्याचे आधीचे नाव एला. आदिलशाहीतले हे भरभराटीचे बंदर आफोन्सो द आल्बुकेर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी जिंकले आणि पोर्तुगीज त्यालाच 'गोवा' म्हणू लागले. मग कदंबांच्या ओसाड राजधानीसाठी 'गोवा वेल्हा' हे नाव उरले; वेल्हा म्हणजे जुना. पुढे 1843 मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला, पणजी 'नोव्हा गोवा', म्हणजे नवा गोवा, झाली आणि मांडवीकाठचे शहर 'वेल्हा गोवा' ठरले. शब्द तेच, क्रम उलटा. नुसते 'जुने गोवे' असे भाषांतर केले की दोन्ही गावे एक होऊन बसतात, आणि बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

आता रस्ते. गोपकपट्टणाची राजवीथी, म्हणजे राजरस्ता. बंदरावरून निघून तिसवाडी बेटाच्या आतल्या भागाकडे, मांडवीच्या बाजूला जाणारा हा कदंबकालीन हमरस्ता. माणसे आणि माल नेण्याची ही वाट होती. गोपकपट्टणाच्या बंदराचे अवशेष म्हणून झुआरीच्या काठावर चिऱ्यांचे बांधकाम ओहोटीला उघडे पडते. भरतीच्या वेळी गेलात तर फक्त पाणी दिसेल.

मांडवीकाठचा रस्ता म्हणजे रुआ दिरैता. खरी श्रीमंती इथे होती. विजरईच्या, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या, वाड्यापासून मिझेरिकॉर्दियाच्या चर्चपर्यंत जाणारा हा शहराचा मुख्य रस्ता. 1608 ते 1610 या काळात गोव्यात राहिलेल्या फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हालने त्याची लांबी सुमारे 1500 पावले सांगितली आहे. दुतर्फा सोनार, जवाहिरे, सराफ आणि बड्या व्यापाऱ्यांची दुकाने. त्याच्या आधी, 1580 च्या दशकात गोव्यात असलेल्या डच प्रवासी लिन्स्खोतेनने इथल्या लेलांवाचे, म्हणजे जाहीर लिलावाचे, वर्णन केले. रविवार आणि सणाचे दिवस सोडून रोज सकाळी सातच्या सुमारास तो सुरू होई आणि ऊन चढण्याआधी, नऊपर्यंत आटोपे. अरबी घोडे, मसाले, कापड, दागिने विकले जात, आणि माणसेही. गुलामांची विक्री याच रस्त्यावर होत असे. रुआ दिरैताच्या वैभवाबद्दल लिहिताना हे वगळणे चुकीचे आहे.

'दिरैता' म्हणजे सरळ. तरीही नावावरून नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारू नये. पोर्तुगीज शहरांत मुख्य रस्त्याला हे नाव सर्रास देत, मग तो वाकडा का असेना.

दोन्ही रस्ते हरवले, पण कारणे वेगळी. गोपकपट्टणावर चौदाव्या शतकात स्वाऱ्या झाल्या, झुआरीकाठचे बंदर गाळाने भरत गेले आणि व्यापार मांडवीकडे सरकला. रुआ दिरैताचा घात साथींनी केला. लोक शहर सोडून गेले आणि रिकाम्या इमारती पाडून त्यांचे दगड पणजीच्या बांधकामांना नेले. आज जागा ओळखायची तर धक्क्यावरून विजरईच्या कमानीखालून वर यावे. ही कमान 1599 ची असली तरी आजचे बांधकाम 1954 च्या पुनर्बांधणीचे आहे, तेव्हा तिच्यावरून सोळाव्या शतकाचे मोजमाप काढू नये. डावीकडे सेंट काजेतान चर्चच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा तेवढा उभा आहे. पुढे दुकानांच्या जागी माड आहेत.

प्रत्यक्ष जायचे असेल तर पणजीहून जुन्या गोव्याला फोंड्याची बस, गोवा वेल्ह्याला मडगावची. 3 डिसेंबरचे गोंयच्या सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त जुन्या गोव्यात असते. संतांची मिरवणूक, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी, गोवा वेल्ह्यात. कंडक्टरला नुसते 'जुने गोवे' न म्हणता 'ओल्ड गोवा' किंवा 'पिलार' सांगावे. पिलारची टेकडी गोवा वेल्ह्यालाच लागून आहे.