बेसबॉलच्या मैदानावरची बिअर आणि सातव्या इनिंगची रेघ

२०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधल्या किमान चार संघांनी, म्हणजे मिलवॉकी, मिनेसोटा, टेक्सास आणि ॲरिझोना यांनी, आपापल्या स्टेडियममधली बिअरविक्री सातव्याऐवजी आठव्या इनिंगपर्यंत चालू ठेवायचं ठरवलं. (बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात.) त्यावर ‘लीगने नियम सैल केला’ अशी ओरड झाली. पण मुळात लीगचा असा नियम नव्हताच. सातव्या इनिंगनंतर विक्री थांबवायची हा बहुतेक संघांनी आपापला घालून घेतलेला दंडक होता आणि बाल्टिमोरमध्ये तर आठव्या इनिंगमध्ये बिअर आधीपासूनच मिळत होती. विक्री किती वाजता, किती आणि कोणाला करायची हे त्या त्या राज्याचा मद्यकायदा, स्थानिक परवाना आणि संघाचं स्वतःचं धोरण या तिघांमधून ठरतं. या वादाची मुळं मात्र बरीच जुनी आहेत.

१८८० च्या हंगामानंतर सिनसिनाटीच्या संघाला लीगमधून काढण्यात आलं. मैदानावर बिअर विकणं आणि रविवारी मैदान भाड्याने देणं हे त्याचे गुन्हे. १८८२ मध्ये प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. तिने तिकीट पन्नासऐवजी पंचवीस सेंट ठेवलं, रविवारी सामने भरवले आणि बिअरला मोकळीक दिली. ती लीग दहा हंगामांत संपली, पण तिचे चार संघ जुन्या लीगमध्ये सामावले गेले. पुढे १९२० ते १९३३ देशभर दारूबंदीच होती. १९५३ मध्ये एका बिअर कंपनीने सेंट लुईसचा संघ विकत घेतला. स्टेडियमला आपल्या बिअरचं नाव द्यायचा तिचा बेत लीगने हाणून पाडला. तेव्हा मालकाने स्वतःचं आडनाव दिलं आणि दोन वर्षांनी त्याच आडनावाची बिअर बाजारात आणली. उलट कॅनडात टोरोंटोचा संघ १९७७ पासून खेळत होता, मालकांमध्ये बिअर कंपनी होती, तरी प्रांताची परवानगी नसल्यामुळे प्रेक्षकांना १९८२ पर्यंत स्टेडियममध्ये बिअर मिळाली नाही.

आजच्या निर्बंधांवर सगळ्यात जास्त सावली आहे ती क्लीव्हलंडमधल्या ४ जून १९७४ च्या रात्रीची. गर्दी जमवायला संघाने दहा सेंटला ग्लास अशी योजना काढली. एका वेळी सहा ग्लास घेता येत आणि किती वेळा रांगेत यावं यावर बंधन नव्हतं. बिअर ३.२ टक्क्यांची, म्हणजे हलकी, आणि ओहायोत तेव्हा ती अठरा वर्षांच्या मुलालाही चालत असे. त्या रात्री समोर टेक्सासचा संघ होता. आठवडाभर आधी टेक्सासमध्ये याच दोन संघांत हाणामारी झालेली, त्यामुळे २५ हजारांवर लोक आधीच चिडून आले होते. सामनाभर कोणी ना कोणी मैदानात धावत होतं. नवव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडने ५-५ अशी बरोबरी साधली, विजयी धाव काढू शकणारा खेळाडू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, उभा होता आणि तेवढ्यात एका प्रेक्षकाने टेक्सासच्या उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाची टोपी खेचायचा प्रयत्न केला. तो खेळाडू अडखळून पडला. त्याच्यावर हल्ला झालाय असं वाटून टेक्सासचे खेळाडू बॅटा घेऊन धावले, खाली उतरलेल्या जमावाने त्यांना घेरलं आणि त्यांना वाचवायला क्लीव्हलंडचेच खेळाडू बॅटा घेऊन आले. मुख्य पंचाच्या डोक्याला जखम झाली आणि सामना टेक्सासला बहाल केला गेला. पुढच्या महिन्यात तीच योजना पुन्हा राबवली, पण माणशी दोन ग्लास. एका खरेदीत दोनच ग्लास हा आज बहुतेक ठिकाणी दिसणारा निर्बंध त्याच जातीचा आहे.

तरीही सातव्या इनिंगची रेघ दंगलीच्या भीतीपेक्षा रस्त्यावरच्या अपघातांच्या भीतीतून पक्की झाली, असं मला वाटतं. १९८० च्या दशकात दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध अमेरिकेत मोठी चळवळ उभी राहिली. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांचा महामार्ग निधी अडवायची धमकी देऊन मद्यपानाचं वय एकवीसवर नेलं. १९८५ मध्ये स्टेडियममधल्या विक्रेत्यांना प्रशिक्षण देण्यासाठी संघ, मद्य कंपन्या आणि सरकारी यंत्रणा एकत्र आल्या. शिवाय अनेक राज्यांत, दिसत्या नशेतल्या गिऱ्हाइकाला आणखी दारू दिली आणि त्याने पुढे अपघात केला, तर विकणाऱ्यावर दावा लागू शकतो. विमा कंपन्यांना आणि वकिलांना दाखवता येईल अशी ठळक रेघ संघांना हवी होती. सातव्या इनिंगमध्ये प्रथेप्रमाणे लोक उठून पाय मोकळे करतातच, त्यामुळे ती तिथे ओढणं सोपं गेलं.

२०२३ च्या हंगामात पिच क्लॉक, म्हणजे दोन चेंडूंमधल्या वेळेवर मर्यादा घालणारं घड्याळ, आलं आणि सगळा हिशोब हलला. नऊ इनिंगचा सामना आदल्या वर्षी सरासरी तीन तासांच्या थोडा वर जात असे, तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. संघांचं म्हणणं असं की विक्रीची वीसएक मिनिटं गेली, तेवढीच परत घेतोय. ढोबळ गणित केलं तर ते चुकीचं नाही: जुन्या वेगाने सातवी इनिंग जिथे संपायची, साधारण तिथेच नव्या वेगाने आठवी संपते. पण रेघ कशासाठी होती? शेवटचा ग्लास आणि गाडीची किल्ली यांच्यामध्ये थोडं अंतर राहावं म्हणून. ते अंतर आधी चाळीस मिनिटांच्या आसपास होतं. आठव्या इनिंगपर्यंत विक्री नेली की ते वीसच्याही आत येतं. फिलाडेल्फियाच्या एका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, तेव्हा जाहीरपणे उलट सुचवलं: सामना लवकर संपणार असेल तर विक्री सहाव्या इनिंगलाच थांबवा. मला त्याचंच पटतं.

अर्थात चाळीस मिनिटांत कोणाची उतरत नाही. शरीर तासाला साधारण एका प्रमाण पेयाएवढं, म्हणजे साधारण एका छोट्या कॅन बिअरमधलं, अल्कोहोल पचवतं, आणि नुकत्याच संपवलेल्या ग्लासचं प्रमाण तर त्या वेळी रक्तात चढतच असतं. त्यामुळे रेघेचा खरा उपयोग शेवटच्या घाईची खरेदी रोखण्यापुरता. तोही शहरागणिक बदलतो. मिनेसोटा आणि ॲरिझोनाचा प्रेक्षक स्टेडियमजवळून ट्राम पकडू शकतो. टेक्सासचा संघ खेळतो ते आर्लिंग्टन मात्र चार लाख वस्तीचं असूनही तिथे ठरलेल्या मार्गावरची शहर बससेवा नाही. मिलवॉकीत स्टेडियमभोवती पार्किंगचा समुद्र आहे आणि लोक तिथेच गाडीच्या डिकीपाशी सामन्याआधीपासून पीत असतात. तरी निर्णय चौघांचा सारखाच.

आणि विक्री चालू असताना काय होतं, याकडे या वादात फारसं कोणी पाहिलं नाही. एका विद्यापीठाच्या संशोधकांनी नशेत असल्याचं सोंग घेणाऱ्या माणसांना अमेरिकेतल्या व्यावसायिक स्टेडियममध्ये पाठवलं होतं. त्यांना सुमारे ७४ टक्के वेळा बिअर मिळाली. काउंटरपेक्षा खुर्च्यांच्या रांगांमधून ट्रे घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांकडून ती मिळण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. नशेतल्या माणसाला विकायला बहुतेक राज्यांत कायद्याची मनाई आहे, आणि ती पहिल्या इनिंगपासून लागू आहे.