विहिरीत कारखान्याचं सांडपाणी मुरलं तर: हरित लवादाकडे भरपाईचा अर्ज, कागदपत्रं आणि रकमेचा हिशोब

कारखान्याचं सांडपाणी मुरून विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नासलं, तर भरपाई मागायची ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला हरित लवाद म्हणतो त्याच्याकडे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. लवादाच्या 2010 च्या कायद्याच्या कलम 15 खाली हा अर्ज होतो. ज्या मागण्या लवादाच्या अखत्यारीत येतात, त्या दिवाणी न्यायालयात चालत नाहीत.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची तक्रार ही वेगळी गोष्ट. ती जरूर करा, पण तिच्यातून तुमची भरपाई निघत नाही. मंडळ कारखान्याकडून जी पर्यावरणीय भरपाई वसूल करतं, ती शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. मंडळाच्या कारवाईची वाट पाहता पाहता मुदत संपून गेली, असं होऊ देऊ नका.

भरपाईच्या अर्जाची मुदत 5 वर्षं आहे, आणि ती नुकसानीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून मोजतात. उशिराला पुरेसं कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. म्हणून ग्रामपंचायतीला किंवा मंडळाला पहिलं पत्र लिहितानाच जपा. 'कित्येक वर्षांपासून पाणी खराब आहे' असं सवयीने लिहिलेलं एक वाक्य समोरचा वकील मुदतीच्या मुद्द्यावर तुमच्याच विरुद्ध वापरतो. कोणत्या महिन्यात पाण्याला रंग आला, वास कधी सुटला, जनावरांनी पाणी प्यायचं कधी सोडलं, हे खरं आणि नेमकं लिहा.

जमीनमालक, आजारी पडलेली व्यक्ती, मृताचे वारस, त्यांनी अधिकार दिलेला प्रतिनिधी किंवा बाधितांची संघटना, यांपैकी कोणीही अर्ज करू शकतं. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः बाजू मांडता येते. कारखान्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, कारण कलम 17 प्रमाणे दोष नसला तरी जबाबदारी लागू होते. पण हे पाणी त्याच कारखान्यामुळे नासलं, हा संबंध तुम्हालाच दाखवावा लागतो, आणि बहुतेक दावे तिथेच ढिले पडतात.

पाण्याचा नमुना

आपणच बाटली भरून प्रयोगशाळेत नेली, की 'कशावरून हे याच विहिरीचं पाणी?' हा प्रश्न येणारच. त्यामुळे तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि दोन पंच यांच्यासमोर नमुना घ्या, जागेवर सील करा आणि पंचनाम्यात गट क्रमांक, अक्षांश-रेखांश व वेळ लिहा. बोअर असेल तर आधी 10-15 मिनिटं पंप चालवून पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्या. धातूंच्या तपासणीसाठी वेगळी बाटली लागते, तिच्यात नायट्रिक आम्ल घालतात. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा. बर्फाच्या डब्यात ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकित असावी.

एकाच विहिरीचा नमुना पुरत नाही. कारखान्याच्या वरच्या अंगाची, न बिघडलेली विहीरही त्याच दिवशी तपासून घ्या. तुलनेला ती नसेल, तर क्षार खडकातलेच आहेत असं समोरून सांगितलं जातं. नुसती पिण्याच्या पाण्याची नेहमीची चाचणीही करू नका. नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त निघालं तरी ते खतांचं किंवा शौचालयाच्या खड्ड्याचं असू शकतं. कारखान्याची खूण सांगणारे घटक शोधा: चामड्याचा किंवा क्रोम प्लेटिंगचा कारखाना असेल तर क्रोमियम (पिण्यासाठी मर्यादा 0.05 मिलिग्रॅम), मद्यार्काचा असेल तर रंग, सीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं रासायनिक माप), पोटॅशियम आणि विरघळलेले क्षार. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाहतं. जवळची विहीर चांगली आणि लांबची नासलेली, असं खुशाल घडतं. त्याचं कारण भूवैज्ञानिकाकडून लेखी घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी आणि मंडळाचं संमतीपत्र (कारखाना चालवायची परवानगी) व तपासणी अहवाल माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागा.

रक्कम कशी काढायची

कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत 14 बाबी आहेत. एकगठ्ठा आकडा न टाकता प्रत्येक बाब वेगळी दाखवावी लागते: औषधोपचार, बुडालेली मजुरी, खासगी मालमत्ता, जनावरं, पिकं आणि झाडं, व्यवसाय, आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च.

विकतच्या पाण्याचा हिशोब बहुतेकांकडून राहून जातो, आणि नेमका तोच मोठा निघतो. पाच माणसांना दरडोई 55 लिटरप्रमाणे रोज 275 लिटर, चार म्हशींना प्रत्येकी 70 धरून 280 लिटर, एकूण 555 लिटर. वर्षाला सुमारे 2 लाख लिटर झाले, म्हणजे 10,000 लिटरचे 20 टँकर. प्रत्येक टँकरची पावती ठेवा. नासलेलं भूजल एका पावसाळ्यात धुऊन जात नाही, त्यामुळे पुढच्या वर्षांचा खर्चही मागा.

उसासाठी नुकसानीआधीच्या तीन वर्षांच्या वजन पावत्या आणि नंतरच्या पावत्या शेजारी शेजारी लावा. एकरी घट गुणिले मिळालेला दर, त्यातून वाचलेला तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा. जोडीला मातीचा क्षारता अहवाल. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल आणि कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक हवा. तो अहवाल नंतर मिळवता येत नाही.

भूजल स्वच्छ करण्याचा खर्च वैयक्तिक नुकसानीत मिसळू नका. पर्यावरणाच्या हानीपोटी ठरलेली रक्कम कलम 24 प्रमाणे पर्यावरण मदत निधीत जाते.

अर्ज दाखल करताना

अर्ज नमुना 1 मध्ये, ऑनलाइन किंवा पुण्याच्या रजिस्ट्रीत. भरपाई मागत असाल तर फी मागितलेल्या रकमेच्या 1 टक्का, किमान 1,000 रुपये. 20 लाखांच्या दाव्याला 20,000 रुपये पडतात, म्हणून आकडा उगाच फुगवू नका. सोबत सातबारा, आठ-अ, पंचनामा, अहवाल, पावत्या, तक्रारींच्या पोचपावत्या आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी निवेदन). दुसरीकडे कुठे अर्ज केला असेल किंवा मदत मिळाली असेल, तर ते सांगणं बंधनकारक आहे.

दोन गोष्टींवर अर्ज अडतो. लवादाची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे सातबाऱ्यासह प्रत्येक मराठी कागदाचा अनुवाद लागतो. आणि पुष्कळदा विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नसते. पीक पाहणीत सिंचनाचं साधन म्हणून तिची नोंद आहे का ते आधी बघा, नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करा.

निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील 90 दिवसांत. रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. तरीही पैसे हातात पडायला किती वेळ लागतो, हे राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछरीत दिसलं. तिथे एच-ॲसिडच्या (रंग बनवायला लागणारं रसायन) गाळाने विहिरी नासल्या, नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) पाहणी केली, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1996 मध्ये निकाल दिला. शुद्धीकरणाचा खर्च 37.385 कोटी रुपये ठरला, आणि तो 12 टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा जुलै 2011 मध्ये द्यावा लागला. म्हणून मूळ अर्जासोबतच अंतरिम अर्ज जोडा आणि निकाल लागेपर्यंत कारखान्याच्या खर्चाने टँकरचं पाणी द्यावं, अशी मागणी लिटरच्या आकड्यासह त्यात लिहा.